सुईचा दोरा

चौथा ताड खणायचं ठरलेलंच नव्हतं.

ठरले होते तीन. त्या तिघांभोवती भीमरावने थंडीतच चर मारून ठेवला होता. असलं झाड एका दिवसात उचलता येत नाही. आधी अर्ध्या अंगाची मुळं कापायची, चरात शेणखत आणि काथ्याचा भुसा भरायचा, महिना-दीड महिना पाणी घालायचं. कापलेल्या तोंडांना पांढरे केस फुटले की उरलेल्या अंगाची मुळं कापायची. मग झाड नव्या जागी धरतं.

हा आपल्याकडचा ताड नव्हे. पान तसंच, पंख्यासारखं पसरलेलं, पण रंग निळसर, वर चांदीची पूड मारल्यासारखा. बिलावर त्याचं नाव बिस्मार्क होतं. भीमराव त्याला बिसमार म्हणायचा. जांभूळच्या रस्त्यावर धर्मेश शेठची नर्सरी होती. तिथं नऊ वर्षांपूर्वी हाताएवढ्या पिशव्यांतून ही रोपं आली होती. भीमराव आला त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा ती गुडघ्याला लागत नव्हती. आता खोड कमरेएवढं झालं होतं आणि पानाखाली दोन माणसं उभी राहतील एवढी सावली पडत होती.

मार्च महिना होता. बदलापूरला नवीन कॉम्प्लेक्स झालं होतं, त्याच्या गेटवर ताड लावायचे होते. सकाळीच हायड्रा क्रेन येऊन उभी राहिली. बागेचा नकाशा करणारी बाई गाडीतून उतरली आणि तीन ताडांकडे बघून म्हणाली की गेटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हवेत. तिनं चौथ्याकडे बोट केलं. सगळ्यांत देखणा तोच होता.

शेठ उल्हासनगरचे, पांढरा सदरा, बोलताना अर्धी हिंदी. ते भीमरावकडे वळले. "भीमराव, ये भी हो जाएगा ना? होईल ना?"

भीमरावने हायड्राकडे पाहिलं. ती तासाच्या भाड्यावर होती. शेठच्या मागे राजेंद्र हाताची घडी घालून उभा होता. तो अंबरनाथ पश्चिमेचा, बागकामाचा डिप्लोमा केलेला, वय तिशीच्या आत. शेठच्या साइटवर तो झाडं लावायचा. नुकतंच लग्न झालं होतं. राजेंद्रला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता हे भीमरावला ठाऊक होतं. त्याने सरळ नाही म्हटलं असतं, कारण त्याच्याकडे कागद होता.

"होईल, शेठ," भीमराव म्हणाला.

दुपारपर्यंत खणणं चाललं. माती तापून दगड झाली होती. पहार मारली की हाताला मुंग्या यायच्या. मुळं करंगळीएवढी जाड, दोरखंडासारखी, कापली की ओल्या लाकडाचा गोडसर वास यायचा. पहिल्या तिघांचे गोळे नीट निघाले, गोणपाटात बांधले गेले. चौथ्याची मुळं सगळी एका दिवसात कापली. सगळी पानं वर ओढून काथ्याच्या दोरीने शेंडीसारखी बांधली. हायड्राने उचललं तेव्हा गोळ्याची एक बाजू ढासळली आणि माती भसाभसा खाली पडली. आत मुळांची तोंडं उघडी दिसली.

राजेंद्रने ते पाहिलं. भीमरावने पाहिलं.

संध्याकाळी चारही ताड गेटवर उभे राहिले. शेठ खूश होते. निघताना गाडीची काच खाली करून त्यांनी भीमरावला सांगितलं, चार लावलेत, चार उभे दिसले पाहिजेत. आवाज चढवला नाही. "एक भी गया तर मला माणूस बदलायला लागेल, साईं. राजेंद्र कब से खोली मागतोय."

खोली म्हणजे नर्सरीच्या मागची, हिरव्या जाळीच्या पलीकडची. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. भीमराव आणि अंजना तिथं आठ वर्षं राहत होते. त्याआधी भीमराव मोरिवलीच्या एका कंपनीत ड्रम धुवायचा. कंपनीला टाळं लागलं. मुलगा मिलिंद मोरिवलीतच राहत होता. एकच खोली, बायको वैष्णवी, दोन मुली. सणाला गेलं तरी भीमरावला पॅसेजमध्ये झोपावं लागायचं, आणि पहाटे शेजारी पाणी भरायला निघाले की पाय आवरून घ्यावे लागायचे. इथं निदान दार लावून घेता येत होतं. पावसाळ्यात पत्र्यावर वाजलं की अंजना म्हणायची, वाजू दे, आपलाच पत्रा आहे. पत्रा त्यांचा नव्हता, पण भीमराव कधी तसं म्हणाला नव्हता.

नर्सरीच्या बांधाला अनंताचं शेत होतं. त्या बांधावर दोन खरे ताड होते, जुने, ताडगोळ्यांचा एक आणि नुसताच एक. नुसत्यावर सुगरणीची घरटी लोंबायची. अनंता दुसऱ्या दिवशी बांधावर बसून म्हणाला, "ताड हालवाचं झाड नाय रं भीमा. जिथं परला तिथं तो आधी खाली जातं, मंग वर. माझ्या आज्यानं ह्येला कधी तांब्याभर पानी घातला नाय."

"तो तुझा. हा पिशवीतला आहे," भीमराव म्हणाला.

"मंग पिशवीतच ठेवाचा होता," अनंता म्हणाला आणि विडी पेटवली.

ताड मेला तरी लगेच कळत नाही, हीच त्याची खोड. आंब्याचं रोप मरायला लागलं की तिसऱ्या दिवशी मान टाकतं. ताड आतून मेला तरी दोन-दोन महिने हिरवा उभा राहतो. त्याचा सगळा जीव एका जागी असतो, शेंड्याच्या गाभ्यात. तिथून नवं पान मिटलेलं, भाल्यासारखं सरळ वर येतं. नर्सरीतली माणसं त्याला सुई म्हणतात. सुई वर सरकत असेल तर झाड जिवंत. सुई थांबली की मागची पानं कितीही चांदीसारखी चमकोत, उपयोग नाही.

सरकते की नाही हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून भीमरावने खताच्या पोत्याच्या तोंडाचा शिवणीचा दोरा उसवून घेतला. प्रत्येक सुईला एक वेढा, एक गाठ, उरलेली टोकं कापून टाकलेली. शेजारच्या पानाच्या देठावर दोऱ्याच्या बरोबर समोर लाल रंगाची रेघ ओढली. जुनं देठ वाढत नाही, सुई वाढते. दोरा रेघेच्या वर गेला की जेवढी बोटं वर, तेवढी वाढ.

हे त्याने घरी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? कामाची गोष्ट होती.

दर सोमवारी तो सायकलवर बदलापूरला जायचा. जाताना पाणीखात्याचा मोठा प्लांट लागायचा. आत टाक्यांत पाणी खळखळायचं, बाहेर रस्त्याला बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या असायच्या. कॉम्प्लेक्सच्या गेटवर तो वॉचमनकडून शिडी मागून घ्यायचा आणि एकेका ताडावर चढायचा. पहिल्या सोमवारी पहिल्याची सुई बोटभर वर गेली होती, दुसऱ्याची दीड, तिसऱ्याची एक. चौथ्याचा दोरा रेघेवर होता. दुसऱ्या सोमवारी तिघांची आणखी दोन-दोन बोटं. चौथ्याचा रेघेवर. तिसऱ्या सोमवारी त्याने चष्मा पुसून पाहिलं, अंगठ्याचं नख रेघेवर टेकवून पाहिलं. दोरा नखाला लागला.

अंजना त्याच कॉम्प्लेक्समध्ये झाडूपोछ्याच्या कामाला होती. जानेवारीपासून लागली होती. लॉबीच्या काचा पुसताना तिला गेट समोर दिसायचं. तिनं नवऱ्याला शिडीवर चढताना पाहिलं. पहिल्या तीन झाडांवरून तो लवकर उतरायचा. चौथ्यावर तो वर जाऊन नुसता थांबायचा, तोंड पानांत घालून. खाली उतरला की कुणाशी न बोलता सायकल काढायचा. घरी येऊन पुढ्यातली भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा. तिनं विचारलं की म्हणायचा, ऊन लागलं.

एप्रिल सरता सरता तिनं काच पुसायची छोटी शिडी घेतली आणि चौथ्या ताडावर चढून पाहिलं, तिथं काय आहे ते.

तिथं एक दोरा बांधलेला होता. पांढरा. धुळीने मळलेला. मग तिनं बाकीच्या तिघांवरही चढून पाहिलं, तिथंही तसाच.

ती बराच वेळ शिडीवर उभी राहिली. भीमरावला दोऱ्यांचा राग होता. त्याच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले गंडे, ताईत, लिंबू-मिरची, सगळं वालधुनी नदीत सोडलं होतं, आणि ते तो लहानपणापासून ऐकत आला होता. विहारात परित्राण पाठ झाला की भन्तेजी सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात. अंजना दरवर्षी बांधून घ्यायची. भीमराव हात मागे बांधून उभा राहायचा. घरी आल्यावर एकदा तरी म्हणायचा, की दोऱ्याने काय होतं, शील पाळावं माणसानं. मिलिंद लहानपणी तापाने फणफणला असताना तिनं त्याच्या दंडाला कुणीतरी दिलेला काळा दोरा बांधला होता. तोही त्याने दाताने तोडून टाकला होता.

आणि त्याच माणसाने झाडांना दोरे बांधले होते. चारही झाडांना. कुणाला न सांगता.

एवढं भ्यायलंय माणूस, तिच्या मनात आलं. तिनं ठरवलं की आपल्याला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही. त्याला लाज वाटेल.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. मोरिवलीच्या विहारात रात्रभराचा पाठ झाला. सकाळी अंजनाने आपल्या मनगटाला दोरा बांधून घेतला आणि बनूबाईकडून हातभर दोरा जास्तीचा मागून घेतला. बनूबाई विहाराची झाडलोट बघायच्या. त्यांनी विचारलं, सुनेसाठी का. अंजना हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर ती शिडी लावून चौथ्या ताडावर चढली. जुना दोरा मळून काळा झाला होता. तो तिनं सोडवून कमरेला खोचला. नवा बांधला, तीन वेढे, तीन गाठी, प्रत्येक गाठीला एक शरण. मजुरांची पोरं ताडाभोवतीच्या कुंडीच्या कठड्यावर चढून खेळायची, ती ओढतील म्हणून तिनं दोरा जुन्या जागेपेक्षा चार बोटं वर बांधला. लाल रेघ तिला दिसली. तिला वाटलं, रंगाऱ्याचा हात लागलाय.

पुढच्या सोमवारसाठी भीमरावने मनात पक्कं केलं होतं. याही वेळी सुई हलली नसेल तर शेठला सांगायचं. झाडाची तीन पानं ठेवून बाकी सगळी कापायची, वर हिरवी जाळी बांधायची, गाभा कुजू नये म्हणून त्यात मोरचुदाचं पाणी ओतायचं. झाड कुरूप दिसेल. पंधरा दिवसांवर कॉम्प्लेक्सचा चाव्या देण्याचा कार्यक्रम होता, शेठ ओरडतील. ओरडू देत. सायकल चालवताना तो ते शेठला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होता.

गेटवर शिडी नव्हती. लाइटिंगवाल्यांनी ती मागच्या बिल्डिंगला नेली होती. वॉचमन म्हणाला की तासाने ये. तेवढ्यात शेठची गाडी आली. शेठ उतरले, राजेंद्रही उतरला. शेठनी विचारलं, "काय म्हणतात आपले चार पाहुणे?"

भीमराव कुंडीच्या कठड्यावर चढला आणि टाचा उचलून वर पाहिलं. पहिला ठीक होता. दुसरा, तिसरा ठीक होते. चौथ्यापाशी त्याने एका हाताने पान बाजूला सारलं. डोळ्यावर ऊन येत होतं. खाली लाल रेघ दिसली. तिच्या वर, चांगला चार बोटं वर, पांढरा दोरा होता.

त्याने डोळे मिटून पुन्हा पाहिलं. दोरा तिथंच होता.

"शेठ," तो म्हणाला, "चौथा पण लागला."

"बघ," शेठ राजेंद्रला म्हणाले, "तू म्हणत होतास जाएगा."

मग शेठनी सांगितलं की झाडं लागली आहेत तर दोऱ्या सोडा, पानं खोला, कार्यक्रमाला पंखे उघडे दिसू दे. भीमराव क्षणभर थांबला. आणखी महिनाभर पानं बांधलेली राहिली तर बरं, एवढं तो म्हणू शकला असता. पण आत्ताच त्याने तोंडाने सांगितलं होतं की लागला. त्याने कोयती घेतली आणि चारही झाडांच्या दोऱ्या कापल्या. पानं सावकाश खाली आली. गेटवर एकदम सावली पडली. नकाशावाल्या बाईला शेठनी फोटो पाठवला.

त्या दिवशी घरी भीमराव दोन भाकऱ्या जेवला. तिसरी मागितली. अंजनाने चुलीकडे तोंड करून डोळे पुसले. तिला वाटलं, विहारातल्या दोऱ्याने काम केलं.

कार्यक्रम झाला. फुगे लागले, डीजे वाजला, लोकांनी ताडाखाली उभं राहून फोटो काढले. ऊन मी म्हणत होतं. मधले सोमवार भीमराव गेलाच नव्हता; कार्यक्रमानंतरच्या सोमवारी तो आरामात गेला. तिघांच्या सुया आता उलगडायला आल्या होत्या, टोकाला घड्या सुटत होत्या. चौथ्याखाली उभा राहिल्यावर त्याला पहिल्यांदा पानाचा रंग दिसला. चांदी उतरली होती. पान राखेसारखं दिसत होतं आणि कडा आत वळल्या होत्या.

या वेळी त्याने शिडी मागून घेतली.

दोरा चार बोटांवरच होता. मागच्या खेपेला चार, आताही चार. भीमरावने सुईला हात लावला. हलकेच धरली, ओढलीही नाही, आणि ती हातात आली. खालचं टोक तपकिरी, मऊ, कुजक्या केळ्यासारखं. कुबट वासाने त्याने तोंड फिरवलं. एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हातात हातभर लांब सुई धरून तो तसाच थांबला. मग त्याला दोरा नीट दिसला. तीन वेढे होते. तीन गाठी होत्या. पोत्याचा दोरा पिळाचा असतो, हा मऊ होता, कच्च्या सुताचा.

त्याने सुई दप्तराच्या पिशवीत घातली. पिशवीतून ती अर्धी बाहेर राहिली. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून तो जांभूळला आला. अंजनाला त्या दिवशी दुसऱ्या बिल्डिंगला काम होतं. ती संध्याकाळी चार वाजता आली. दारातच तिला पिशवी दिसली. भीमराव पायरीवर बसला होता. तिनं जेवणाचा डबा खाली ठेवला तेव्हा तिच्या मनगटावरचा दोरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. तीन वेढे, तीन गाठी.

"हा दोरा कुणी बांधला?" त्याने पिशवीकडे बोट केलं.

अंजनाला वाटलं, आता तो दोऱ्यांवरून बोलणार. ती हळू म्हणाली, "मी. तुमचा मळला होता."

"किती वर बांधलास?"

"किती म्हणजे?"

"माझ्या दोऱ्यापेक्षा किती वर?"

तिनं चार बोटं जुळवून दाखवली. "पोरं ओढतील म्हणून." मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिची बोटं तशीच हवेत राहिली. "का हो? तुम्ही कशाला बांधला होता?"

"मोजायला," भीमराव म्हणाला.

त्याने तिला सगळं सांगितलं. सुई, रेघ, बोटं. शिडी नव्हती म्हणून खालून पाहिलं, हेही सांगितलं. बाकीची झाडं आठवड्याला दोन बोटं वाढत होती आणि जे झाड दोन महिने हललं नव्हतं ते एकदम चार बोटं कसं वाढेल, हा विचार त्याच्या मनात आला नव्हता, हेही सांगितलं. अंजना ऐकत खाली बसली. थोड्या वेळाने तिनं कनवटीतून एक मळका दोरा काढला आणि फरशीवर ठेवला. तो तिनं जपून ठेवला होता.

"मला वाटलं, तुम्ही घाबरून बांधलाय," ती म्हणाली. "म्हणून विचारलं नाही."

बांधावरून अनंताची हाक आली, ताडगोळे उतरवलेत, घेऊन जा. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

सकाळी भीमरावने शेठना फोन केला आणि साइटवर बोलावून घेतलं. अंजनाला त्याने बजावलं होतं, तू काचा पूस, मध्ये येऊ नकोस. शेठ आले, राजेंद्र आला. भीमरावने कुजलेली सुई पुढे धरली आणि सांगितलं की बघण्यात चूक झाली. दोरा सरकला असं वाटलं, तो सरकला नव्हता.

"दोरा?" शेठना कळेना. "कौन सा दोरा?"

राजेंद्रने सुई हातात घेऊन पाहिली. तीन गाठींवरून बोट फिरवलं आणि हसला. फार वाईट हसला असंही नाही, तरुण माणूस हसतो तसा. "काका, तुम्ही पण? आम्हाला तर जयंतीला भाषण देता, गंडेदोरे सोडा म्हणून."

वॉचमन हसला. लाइटिंगवाल्यांपैकी एक जण वळून बघायला लागला. भीमरावची मान खाली गेली. सांगायला गेलं तर अंजनाचं नाव येणार होतं. त्याने नुसतं म्हटलं, "चूक माझी."

लॉबीचं काचेचं दार उघडलं. अंजना हातात ओलं फडकं घेऊन बाहेर आली. पायऱ्यांवरच थांबली.

"गंडा नाही तो," ती म्हणाली. "यांनी मोजायला बांधला होता. तो मी सोडला आणि माझा बांधला. विहारातला. यांना ठाऊक नव्हतं."

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग भीमरावकडे, मग झाडाकडे. उन्हामुळे त्यांनी रुमाल डोक्यावर धरला होता.

"म्हणजे," ते म्हणाले, "दोघांनी मिळून मारला."

त्यावर कुणी हसलं नाही.

झाड पूर्ण गेलं का, हे मात्र त्यांनी राजेंद्रलाच विचारलं. राजेंद्रने भीमरावकडे पाहिलं. भीमराव म्हणाला की गाभा तळापर्यंत कुजला नसेल तर मोरचूद घालून बघता येईल, पानं कापावी लागतील, जाळी लागेल, दोन-तीन महिने काही दिसणार नाही. राजेंद्र म्हणाला, बरोबर आहे. त्या दुपारी दोघांनी मिळून ते केलं. भीमराव शिडीवर आणि राजेंद्र खालून बादली देणारा. मोरचुदाचं निळं पाणी गाभ्यात ओतलं तेव्हा ते भीमरावच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि तिथं डाग राहिला. गेटच्या दोन्ही बाजूंना आता तीन पंखे होते आणि जाळीत गुंडाळलेला एक खुंट.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी खोली सोडायला जूनची पंधरा तारीख दिली. दहा तारखेलाच राजेंद्र खोली बघायला आला, बरोबर टेप होती. पलंग बसेल का, ते त्याला मोजायचं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. भीमरावने धरलं.

सामान एका टेम्पोत मावलं. अनंताने ताडगोळ्यांची पिशवी टेम्पोत ठेवली आणि आपल्या दोन्ही ताडांकडे बघत उभा राहिला.

मोरिवलीत पॅसेजमधली जागा होतीच. वैष्णवीने पडदा लावला, तिच्याकडून होईल ते तिनं केलं. भीमरावला एका कंपनीच्या आवारात गवत कापायचं काम मिळालं, पाऊस नसेल त्या दिवशी. पहाटे शेजारी पाणी भरायला निघाले की तो पाय आवरून घ्यायचा. नातींनी त्याला विचारलं की हातावरचा निळा डाग कशाचा. तो म्हणायचा, जाईल.

अंजना बदलापूरला जातच होती. दोन गाड्या बदलून, सकाळी सातची निघालेली. तिनं घरी ताडाचं नाव काढलं नाही. भीमरावने विचारलं नाही. विचारायचं तोंडावर यायचं, दर सोमवारी तर यायचंच, पण तो गिळून टाकायचा.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ती आली ती भिजलेली. छत्री पॅसेजमध्ये उलटी ठेवली. केस पुसायच्या आधी ती त्याच्या समोर बसली.

"दोन बोटं," ती म्हणाली.

"कसली?"

"सुई आलीय. मागच्या आठवड्यात टोक दिसलं. पोत्याचा दोरा बांधला, तुमचाच, तो मळका. एक वेढा, एक गाठ. समोर वैष्णवीच्या नेलपॉलिशची रेघ काढली. आठ दिवस हात लावला नाही."

पागोळ्यांचं पाणी पॅसेजच्या तोंडाशी आत येत होतं.

"खालून बघितलंस?"

"शिडी लावून. चढून."

"पान कसं आहे?"

"कातरल्यासारखं. अर्धंच आहे, वाकडं."

"पहिलं तसंच येतं," तो म्हणाला. "राजेंद्रला सांगितलंस?"

"नाही. त्याला कशाला?"

"उद्या सांग. पाऊस जरा उघडला की मोरचूद पुन्हा घालायला हवं. एकदा घालून भागत नाही. त्याच्या लक्षात नसेल."

मग त्याने उजव्या हाताची दोन बोटं जुळवून पुढे धरली. तिनं आपली दोन बोटं त्यांच्या शेजारी टेकवली. तिची बोटं ओली आणि बारीक होती, फिनेलने पांढरी पडलेली.

"तुझी दोन म्हणजे माझं दीड," भीमराव म्हणाला.

"दीड तर दीड," अंजना म्हणाली, आणि तांदूळ धुवायला आत गेली.